फुप्फुसातला चुना

चुन्याच्या निवळीत फुंकर घालण्याचा प्रयोग वर्गात केला नाही असा विज्ञानशिक्षक विरळाच. नळीतून फुंकत राहिले की निवळी दुधाळ होते, उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो हे सिद्ध झाले असे म्हणून आपण पुढच्या पाठाकडे वळतो. पण फुंकणारा मुलगा चिवट असेल आणि थांबलाच नाही, तर बऱ्याच वेळाने दुधाळपणा ओसरून पाणी पुन्हा नितळ होते. जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी किंचित आम्लधर्मी होते आणि खाली बसलेला चुना परत विरघळतो. आता हेच नितळ पाणी उकळा. वायू निघून जातो आणि चुना पुन्हा दिसू लागतो. बोअरचे पाणी तापवणाऱ्या भांड्याला आतून जो पांढरा थर धरतो तो असाच. चुनखडीच्या गुहांत छताला लोंबणारे खांबही असेच वाढतात. झिरपून आलेल्या थेंबातला कार्बन डायऑक्साइड गुहेच्या हवेत निसटतो आणि चुना मागे राहतो.

आपल्या शरीरातही अशी एक जागा आहे, जिथे कार्बन डायऑक्साइड रात्रंदिवस द्रवातून हवेत निसटत असतो. ती म्हणजे फुप्फुस. रक्तात कॅल्शियम भरपूर असते. मग फुप्फुसात चुना का बसत नाही?

बहुतेकांच्या बसत नाही. पण काहींच्या बसतो, आणि त्यांतले पुष्कळसे दीर्घकाळ मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी असलेले लोक असतात. मूत्रपिंडाचा रोग आणि फुप्फुसातला चुना यांचा हा संबंध उलगडायला दीडशे वर्षे लागली. (या लेखात चुना हा शब्द मी सैलपणे, कॅल्शियमच्या न विरघळणाऱ्या क्षारांसाठी वापरतो आहे. गुहेतला चुना कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, शरीरातला मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचा. पण पाणी आम्लधर्मी असेल तर विरघळायचे आणि अल्कधर्मी असेल तर खाली बसायचे, ही खोड दोघांचीही.)

ही कथा सुरू होते जर्मनीतल्या वुर्झबर्ग गावी. रुडॉल्फ विर्शो हा तिशीतला डॉक्टर तिथल्या विद्यापीठात विकृतिशास्त्र शिकवत होता. १८४८ साली अप्पर सायलेशियातील टायफसच्या साथीचा अहवाल त्याने लिहिला, त्यात साथीचे खापर दारिद्र्यावर आणि सरकारवर फोडले, क्रांतीच्या धामधुमीतही भाग घेतला. परिणामी त्याला बर्लिन सोडावे लागले. वुर्झबर्गची ही वर्षे त्याच्या संशोधनाला मात्र फळली. पायाच्या शिरेतली रक्ताची गुठळी सुटून रक्तप्रवाहाबरोबर फुप्फुसात जाऊन अडकते, हे त्याने त्याआधीच दाखवून दिले होते. एका ठिकाणची वस्तू रक्तातून दुसरीकडे जाऊन बसते, ही कल्पना त्याच्या मनात घट्ट रुजलेली होती.

१८५५ साली त्याने स्वतःच्याच नियतकालिकात ‘चुन्याचे स्थलांतर’ अशा अर्थाच्या मथळ्याचा एक लेख छापला. शवविच्छेदनात त्याला काही चमत्कारिक फुप्फुसे सापडली होती. त्यांचे काही भाग मऊ राहिले नव्हते, बारीक छिद्रांच्या स्पंजासारखे दिसत होते. जठराचे अस्तर सुरीखाली खरखरत होते. मूत्रपिंडातही चुना होता. या रोग्यांची हाडे मात्र कर्करोगाने किंवा अन्य रोगाने पोखरलेली होती. विर्शोने अनुमान केले की हाडांतून सुटलेला चुना रक्तात आला, मूत्रपिंडांना तो पुरेसा बाहेर टाकता आला नाही, आणि तो या अवयवांत जाऊन बसला. या रोग्यांपैकी अनेकांची मूत्रपिंडेही आजारी होती, ही गोष्ट त्याच्या नजरेतून सुटली नव्हती.

क्षयाची जुनी गाठ भरून येताना तिच्यातही चुना साठतो, तो क्ष-किरण चित्रात पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसतो. पण तो प्रकार वेगळा. तिथे आधी ऊतक मरते आणि मेलेल्या जागेवर चुना बसतो. रक्तातले कॅल्शियमचे आणि फॉस्फेटचे प्रमाण ठीकच असते. विर्शोने पाहिलेला चुना जिवंत, धडधाकट ऊतकात बसलेला होता. दोष ऊतकात नव्हता, रक्तात होता. या दुसऱ्या प्रकाराला आजही ‘मेटास्टॅटिक कॅल्सिफिकेशन’ म्हणतात. हे नाव आता गैरसोयीचे झाले आहे, असे माझे मत आहे. तपासणीच्या कागदावर ‘मेटास्टॅटिक’ हा शब्द दिसला की नातेवाइकांना कर्करोग पसरला असे वाटते, आणि रुग्णाला तर अनेकदा कर्करोग नसतोच.

फुप्फुस, जठर आणि मूत्रपिंड. एक हवेचे, एक अन्नाचे, एक मूत्राचे. चुन्याने हेच तीन अवयव का निवडावेत? तिन्ही अवयव आम्ल बाहेर टाकतात. जठर हायड्रोक्लोरिक आम्ल पोकळीत सोडते. मूत्रपिंड आम्ल मूत्रात सोडते. फुप्फुस कार्बन डायऑक्साइड सोडते, आणि पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड म्हणजे कार्बॉनिक आम्लच. आम्ल एका बाजूने बाहेर गेले की मागे उरलेले ऊतक दुसऱ्या बाजूने तेवढेच अल्कधर्मी होते. पोटभर जेवणानंतर जठरातून परतणारे रक्त नेहमीपेक्षा अल्कधर्मी असते, हे शरीरक्रियाशास्त्राच्या पुस्तकांत असते. चुना खाली बसायला हवी असलेली परिस्थिती नेमकी या तीन ठिकाणी आहे. म्हणजे वर्गातला फुंकरीचा प्रयोग, पण उलट्या बाजूने.

फुप्फुसात तर याची मोजदादही करता येते. उभ्या माणसाच्या फुप्फुसाच्या शेंड्याकडे हवा त्या मानाने बरीच आणि रक्त फार थोडे जाते, तळाशी उलट. त्यामुळे शेंड्याचे रक्त कार्बन डायऑक्साइड अधिक गमावते. जॉन वेस्ट यांच्या सुप्रसिद्ध गणितानुसार शेंड्याशी या वायूचा दाब सुमारे २८ मिलिमीटर आणि तळाशी ४२ मिलिमीटर असतो. रक्ताचा सामू अनुक्रमे ७.५१ आणि ७.३९. फरक क्षुल्लक वाटेल, पण सामू ही घातांकी मोजपट्टी आहे. चुना बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागातच का सापडतो याचे कारण इथे आहे. आपल्याकडे यातून एक गोंधळ होऊ शकतो. शेंड्याशी प्राणवायू भरपूर असल्याने क्षयाच्या जंतूंनाही तीच जागा आवडते. त्यामुळे वरच्या भागातली सावली पाहून आधी क्षयाचा संशय येणे साहजिक असते.

हे झाले ‘कुठे’ या प्रश्नाचे उत्तर. मूत्रपिंड बिघडल्याने चुना का सुटतो, हे विर्शोला कळणे शक्य नव्हते, कारण त्यातला मुख्य दुवा त्याच्या काळी माहीतच नव्हता. तो दुवा पहिल्यांदा दिसला तो एका भारतीय गेंड्यात. १८४९ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या या गेंड्याचे रिचर्ड ओवेन यांनी विच्छेदन केले आणि अवटू ग्रंथीला चिकटलेल्या एका छोट्या पिवळसर ग्रंथीची नोंद केली. माणसातल्या याच ग्रंथी १८८० मध्ये स्वीडनच्या उप्साला गावातल्या इवार सँडस्ट्रॉम यांनी शोधल्या. त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. या परावटू ग्रंथी. साधारण चार, प्रत्येक तांदळाच्या दाण्याएवढी. रक्तातले कॅल्शियम घसरले की त्यांचे संप्रेरक हाडांतून कॅल्शियम ओढून काढते. १९०५ साली मॅकॅलम यांनी मूत्रपिंडाच्या विकाराने मेलेल्या एका रोग्यात ही ग्रंथी वाढलेली पाहिली. १९३५ मध्ये पॅपेनहायमर आणि विलेन्स यांनी असे पुष्कळ रोगी तपासून हा योगायोग नसल्याचे दाखवले.

मग साखळी हळूहळू जुळत गेली. आपण रोज सुमारे एक ग्रॅम फॉस्फरस खातो. दूध, डाळी, मांस, अंडी सगळ्यांत तो असतो. निरोगी मूत्रपिंड जास्तीचा फॉस्फेट बाहेर टाकते. ते थकले की फॉस्फेट रक्तात साचतो. शिवाय जीवनसत्त्व ‘ड’ला शेवटचे, कामाचे रूप देणारी जागा मूत्रपिंडच आहे, हे १९७० साली केंब्रिजमध्ये फ्रेझर आणि कोडिसेक यांनी सिद्ध केले. ते रूप मिळाले नाही की आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते. रक्तातले कॅल्शियम उतरते, परावटू ग्रंथी जागी होते, हाडे पोखरू लागते. हाडातून कॅल्शियमबरोबर फॉस्फेटही सुटतो, आणि तो बाहेर टाकायला मूत्रपिंड नाही. त्यात निकामी मूत्रपिंडामुळे रक्त आम्लधर्मी झालेले असते, त्या आम्लानेही हाड झिजते. शरीरातले ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असते, सुमारे एक किलो. साठा मोठा आहे, कुलूप मात्र तुटले आहे.

तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फुप्फुसातला चुना ही शवविच्छेदनाच्या टेबलावरची नवलाई राहिली. मूत्रपिंडे पूर्ण निकामी झालेला माणूस काही दिवसांत किंवा आठवड्यांत दगावत असे. चुना साठायला वर्षे लागतात, ती वर्षे त्याला मिळतच नव्हती.

ती मिळवून दिली डायलिसिसने. १९४३ मध्ये, जर्मनव्याप्त हॉलंडमधल्या काम्पेन गावी विलेम कोल्फ यांनी सॉसेजच्या आवरणासाठी वापरतात तशी सेलोफेनची नळी लाकडी पिंपाभोवती गुंडाळून पहिले कृत्रिम मूत्रपिंड चालवले. सुरुवातीच्या सोळा रुग्णांपैकी जवळजवळ कोणी वाचले नाही. सप्टेंबर १९४५ मध्ये सतरावी, ६७ वर्षांची बाई वाचली. पण हे यंत्र तात्पुरत्या बिघाडापुरते होते, कारण प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी कापावी लागे. १९६० साली अमेरिकेतल्या सिॲटल शहरात बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची एक नळी रुग्णाच्या हातात कायमची बसवली. ९ मार्च १९६० रोजी ती क्लाइड शील्ड्स या ३९ वर्षांच्या कामगाराला बसवली गेली, आणि जो माणूस काही दिवसांचा सोबती होता तो पुढे अकरा वर्षे जगला. यंत्रे थोडी, रुग्ण फार. कोणाला यंत्र द्यायचे हे ठरवायला सिॲटलमध्ये नागरिकांची समिती बसली. १९६२ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने तिची हकीकत छापली तेव्हा अमेरिकेत मोठी खळबळ माजली.

समितीने निवडलेली ही माणसे जगू लागली, आणि त्यांच्या शरीरात चुना दिसू लागला. १९६४ मध्ये सिॲटलच्याच कॅनर आणि डेकर यांनी या रुग्णांच्या सांध्यांना अचानक येणाऱ्या तीव्र सुजेचे वर्णन केले. कारण होते सांध्यांभोवती साठलेला चुना. पुढे डोळ्यांत, रक्तवाहिन्यांत, हृदयात आणि फुप्फुसातही तो सापडत गेला. हिशेब सोपा आहे. आठवड्याभरात खाण्यातून शोषला जाणारा फॉस्फरस चार-पाच ग्रॅम. आठवड्यातल्या तीन डायलिसिसमध्ये निघणारा जेमतेम अडीच-तीन. शिवाय डायलिसिसने आणखी एक गोष्ट नकळत केली. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत रक्त आम्लधर्मी होत जाते, त्या वेळी हाडे झिजतात. डायलिसिसनंतर काही तास ते अल्कधर्मी होते, त्या वेळी सुटलेला चुना बसायला अनुकूल स्थिती येते. विरघळवायचे आणि खाली बसवायचे, आठवड्यातून तीनदा. वर्गातला आपला तो चिवट मुलगाही इतक्या वेळा प्रयोग करणार नाही.

फुप्फुसातला हा चुना ओळखणे कठीण होते. रुग्णाला बहुधा काहीच जाणवत नाही. कधी दम लागतो, कोरडा खोकला येतो. तो इतका बारीक विखुरलेला असतो की साध्या क्ष-किरण चित्रात दिसत नाही. दिसलाच तर न्यूमोनियासारखा किंवा साचलेल्या पाण्यासारखा. रुग्णाला प्रतिजैविके दिली जातात, डायलिसिसमध्ये पाणी जास्त ओढले जाते, सावली मात्र जागची हलत नाही. इथे मदतीला आले एक वेगळेच साधन. १९७१ मध्ये सुब्रमण्यम आणि मॅकॅफी यांनी हाडांचे चित्र घेण्यासाठी किरणोत्सर्गी टेक्नेशियम फॉस्फेटच्या संयुगाला जोडण्याची युक्ती काढली. हे संयुग शरीरात जिथे कॅल्शियम ताजे बसत असेल तिथे जाऊन चिकटते. हाडांची तपासणी म्हणून घेतलेल्या चित्रात काही डायलिसिस रुग्णांची फुप्फुसे हाडांसारखी उजळलेली दिसली!

१९७५ मध्ये डेन्व्हर इथल्या काँगर, अल्फ्रे आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. मृत्यूनंतरच्या तपासण्यांत दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांच्या फुप्फुसात चुना सापडतो, असे अशा अभ्यासांतून पुढे आले. त्याआधी, १९७३ मध्ये, याच गटाने चुन्याचे रासायनिक पृथक्करण केले होते, आणि ते मला या सगळ्या कथेत फार महत्त्वाचे वाटते. रक्तवाहिन्यांतला चुना हाडातल्यासारखाच होता, हायड्रॉक्सिॲपेटाइटचे स्फटिक. फुप्फुसातला मात्र वेगळा. त्यात मॅग्नेशियम पुष्कळ आणि स्फटिकरचना विस्कळीत. हाडातला चुना उचलून जसाच्या तसा फुप्फुसात ठेवला, असे विर्शोच्या ‘स्थलांतर’ या शब्दावरून वाटते. तसे होत नव्हते. हाड कॅल्शियम आणि फॉस्फेट पुरवत होते, पण पदार्थ नव्या जागी नव्याने घडत होता, आणि जागेनुसार वेगळा घडत होता. मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झाल्यावर किंवा वाढलेली परावटू ग्रंथी काढून टाकल्यावर काहींच्या फुप्फुसातला चुना कमी झाल्याच्या नोंदी आहेत. काहींच्या बाबतीत प्रत्यारोपणानंतर तो उलट झपाट्याने वाढल्याच्याही आहेत.

उपाय काय? फॉस्फेट आतड्यातच अडवणे. त्यासाठी जेवणाबरोबर ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड देत. आम्लपित्तावरचे हे जुने, निरुपद्रवी समजले गेलेले औषध. फॉस्फेट उतरले. पण काही केंद्रांतले रुग्ण अडखळत बोलू लागले, त्यांना झटके येऊ लागले, स्मृती गेली आणि बरेचजण काही महिन्यांत मरण पावले. १९७६ मध्ये त्यांच्या मेंदूत ॲल्युमिनियम सापडले. ते शोधणारे होते डेन्व्हरचे तेच अल्फ्रे. ॲल्युमिनियम दोन वाटांनी येत होते, गोळ्यांतून आणि पाण्यातून. गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो; शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रातही तुरटी घालतात, आणि तुरटी म्हणजे ॲल्युमिनियमचा क्षार. पिणाऱ्याच्या आतड्यातून ते नगण्य शोषले जाते. पण चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये सुमारे १२० लिटर पाणी रक्ताशेजारून वाहते आणि मध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी १९७८ मध्ये याच पाण्याचा आणि रुग्णांच्या मोडणाऱ्या हाडांचा संबंध दाखवला. तेव्हापासून डायलिसिसचे पाणी वेगळे शुद्ध केले जाऊ लागले.

ॲल्युमिनियम गेले, त्याच्या जागी १९८०च्या दशकात कॅल्शियम कार्बोनेट आले. म्हणजे खडूच! फॉस्फेट अडवायला खडूची पूड, तीही मुठीमुठीने, आणि जोडीला कॅल्शियमचे शोषण वाढवणारे जीवनसत्त्व ‘ड’. ज्याच्या शरीरात चुना नको तिथे साठतो त्याला चुनाच खायला घातला जात होता. यात कोणाची बेफिकिरी नव्हती, त्या वेळी हातात दुसरे काही नव्हते. २००० साली गुडमन आणि सहकाऱ्यांनी विशी-तिशीतल्या डायलिसिस रुग्णांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चुना दाखवला; ज्यांच्यात तो होता ते या गोळ्यांतून जवळजवळ दुप्पट कॅल्शियम घेत होते. तोवर, १९९८ मध्ये, ना कॅल्शियम ना ॲल्युमिनियम असे सेव्हेलमर हे औषध अमेरिकेत मंजूर झाले होते. २००४ मध्ये परावटू ग्रंथीला थेट शांत करणारे सिनाकॅल्सेट आले.

मात्र एक प्रश्न राहतोच. डॉक्टर रक्तातल्या कॅल्शियमच्या आणि फॉस्फेटच्या आकड्यांचा गुणाकार करत आणि तो ७०च्या वर गेला की धोका मानत. पण कित्येकांचा गुणाकार नव्वद असून फुप्फुस स्वच्छ, तर कोणाचा साठ असून चुना. याचे एक कारण पुढे उंदरांत सापडले. निरोगी माणसाच्या रक्तातही कॅल्शियम आणि फॉस्फेट इतके असतात की हाडासारखा क्षार त्यातून खाली बसायला हरकत नसावी. तो बसत नाही कारण रक्तातली काही प्रथिने त्याला अडवतात. यकृतात तयार होणारे फेट्युइन-ए हे त्यांतले एक. चुन्याच्या सूक्ष्म कणांना ते वेढून ठेवते आणि वाढू देत नाही. २००३ मध्ये आखेनच्या शास्त्रज्ञांनी हे प्रथिन नसलेले उंदीर तपासले. त्यांतल्या एका वाणात चुना आपोआप साठला, मूत्रपिंडात, हृदयात आणि फुप्फुसातही. त्याच वर्षी केटलर आणि सहकाऱ्यांनी डायलिसिस रुग्णांचे रक्त तपासले. ज्यांच्यात फेट्युइन कमी होते त्यांचा मृत्यूचा धोका अधिक निघाला. शरीरात कुठे दाह असला की यकृत हे प्रथिन कमी बनवते, आणि डायलिसिसच्या रुग्णात दाह कुठे ना कुठे असतोच. फेट्युइन बाहेरून देण्याचे औषध अजून वापरात नाही. तोवर जेवणाच्या ताटाशेजारी फॉस्फेट अडवणाऱ्या गोळ्या आहेत, आणि त्या जेवणाबरोबरच घ्यायच्या असतात, नंतर आठवण झाली म्हणून घेऊन उपयोग नसतो.